मामीच्या मशीनला डिस्चार्ज

एकोणीसशे अडुसष्ट साल. मी बावीस वर्षांची होते आणि संग्रहालयात नोंदणी-कारकून म्हणून लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. आलेली वस्तू दाखल-वहीत चढवायची, तिच्यावर नखाएवढ्या जागेत वार्निशचा हात द्यायचा, तो वाळला की बारीक कुंचल्याने पांढरा नंबर घालायचा आणि वर पुन्हा वार्निश, हे माझं काम. एकदा नंबर पडला की वस्तू आधीच्या मालकाची राहत नसे. त्या वर्षीचा चौतिसावा नंबर मी घातला तो माझ्या सख्ख्या मामीच्या शिलाई मशीनवर.

मामी महिनाभर बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. मामाने मशीन हातगाडीवर चढवलं आणि स्वतः मागून चालत आला.

"मामीला विचारलंस?" मी म्हटलं.

"तिचीच तर इच्छा!" खोटं बोलताना मामा कान खाजवायचा. त्या दिवशी दोन्ही खाजवत होता. पण मी नवखी, हातात कुंचला ओला. घातला नंबर.

खरं कारण होते शेजारचे वकील. त्यांनी आजोबांची तलवार संग्रहालयाला दिली होती आणि तिच्याखाली त्यांच्या नावाचं कार्ड लागलं होतं, 'यांजकडून सप्रेम भेट'. मामाच्या आजोबांचं छत्र्यांचं दुकान, तलवार कुठून आणणार? मग त्याने घरातली सगळ्यात जुनी, जड आणि उलट न बोलणारी वस्तू शोधली. मामी घरात नव्हती, म्हणून तिचं मशीन ठरलं.

मामी परतली ती घरी पाऊल टाकून तशीच, हातातल्या पिशवीसकट संग्रहालयात आली.

"कुठाय?"

मी दालनाकडे बोट दाखवलं. दोरीपलीकडे मशीन, पुढे कार्ड. मामीने ते वाचलं. "सप्रेम भेट! प्रेम माझं, भेट यांची. ठमे, काढ ती दोरी."

"मामी, ते दाखल झालंय."

"दाखल? दवाखाना आहे का हा? झालं असेल दाखल तर द्या डिस्चार्ज!"

आवाज ऐकून आमचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, बाहेर आले. मामीने त्यांना सांगितलं की सहा आठवड्यांनी शाळा उघडणार, दोन शाळांचे मिळून एकशे साठ गणवेश शिवायचेत. वेळेवर दिले नाहीत तर समोरचा शिंपी टपूनच बसलाय, मग काम कायमचं जाईल. नवं मशीन नोंदवलं तर यायला आठ महिने.

साहेब माणूस सज्जन, पण जीव वस्तूंवर. "बाई, तुमचे गणवेश दोन वर्षांत फाटतील. हे मशीन इथे दोनशे वर्षं राहील."

"नुसतं बसूनच राहायचं तर हजार वर्षं राहील," मामी म्हणाली. "आमच्या घरातही आहे एकजण तसा."

त्या दिवसापासून मामीने मामाशी बोलणं बंद केलं. मी शेजारच्याच खोलीत राहायचे, त्यामुळे निरोप्याचं काम माझ्याकडे. मामा दोन हातांच्या अंतरावर उभा असायचा आणि मामी मला सांगायची, "ठमे, ताट वाढलंय म्हणावं." त्याच्या शर्टाचं बटण तुटलं तर म्हणे, "संग्रहालयात जा म्हणावं, तिथे मशीन आहे."

मला माझीच लाज वाटत होती. नंबर माझ्या हातचा. मी नियमांचं पुस्तक घरी नेलं आणि सतरावा नियम मामीला वाचून दाखवला: एकाच प्रकारच्या दोन वस्तू झाल्यास उत्तम नमुना ठेवून दुसऱ्याचे निर्लेखन करावे, म्हणजे वहीतून काढून टाकावे. अशी वस्तू प्रथम दात्यास परत देऊ करावी. त्याने नाकारल्यास मोडीत काढावी.

"उत्तम म्हणजे कुठला?" मामीने विचारलं. "चांगला शिवणारा?"

"चांगला दिसणारा. शिवण्याबद्दल नियमात अवाक्षर नाही."

"अस्सं," मामी म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

आठवड्याने ती संग्रहालयाच्या दारात हजर, सोबत हातगाडी. गाडीवर अगदी तिच्यासारखंच मशीन, पण सोनेरी फुलं लखलखीत, लाकूड आरशासारखं. मामी ज्यांचे कपडे शिवायची त्या डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्यात ते तीस वर्षं शोभेला होतं, मामीने ते मागून आणलं. त्यांनी त्यावर एक टाकाही घातला नव्हता, फक्त फुलदाणी ठेवली होती. फुलदाणीचं पाणी आत झिरपून झिरपून यंत्राचा गंजून एक गोळा झाला होता. चाक तसूभर हलत नव्हतं. हे मामीला ठाऊक, मला ठाऊक.

"पण आमच्याकडे एक आहे ना," साहेब म्हणाले. नजर मात्र फुलांवर.

"नवऱ्याची भेट घेता आणि बायकोची नाही? मग तसं दारावर लिहा."

साहेबांनी घेतली. मी एकेचाळिसावा नंबर घातला आणि सतराव्या नियमाखाली समितीला टिपण पाठवलं.

समितीत साहेब, आपले वकील आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. दोन्ही मशीनं शेजारी शेजारी मांडली. मामीचं बावीस वर्षं राबलेलं. जिथे तिचा डावा हात टेकायचा तिथली फुलं पार पुसून गेलेली. वकिलांनी क्षणात निकाल दिला. "चौतीस काढा. अवकळा आलीय त्याला." मामाचं कार्ड जाणार म्हणून त्यांना गुदगुल्या होत होत्या.

"थांबा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "दोन्ही चालवून बघू."

मशीनची माहितगार म्हणून मामीला बोलावलेलंच होतं. ती आपल्या मशीनवर बसली, सुई काढली, पदराने पुसली, परत बसवली. सपाट बाजू उलटीकडे. सुई अशी बसली की टाका पडत नाही, नुसता गुंता होतो. तिने पाय मारला. मशीन खडखडलं आणि चिंधीवर दोऱ्याचं घरटं झालं.

"गेलं बाई हे कामातून," मामीने सुस्कारा सोडला. इतकं चांगलं खोटं मामाला जन्मात जमलं नसतं.

"आता ते दुसरं."

मामी उठली, एकेचाळिसाव्याच्या चाकाजवळ हात नेला आणि साहेबांकडे वळली. "चालवते की. पण यावर आजवर एकही टाका पडलेला नाही. कोरं आहे. एकदा सुई फिरली की कोरेपणा संपला."

"हात लावू नका!" साहेब खुर्चीतून जवळजवळ उडालेच.

मुख्याध्यापिका वाकल्या. चौतिसाव्याच्या सुईकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग मामीकडे. मग चष्मा काढून डबीत ठेवला. "माझंही मत तेच. एकेचाळीस ठेवा."

राहिली दात्याची सही, आणि दाता होता मामा. त्याला बोलावलं तर तो पेटलाच. "मी दिलेलं परत घेत नाही! गेलं मोडीत तर जाऊ दे!"

"अहो, पण कार्ड जातंय ना तुमचं," वकील मायेने म्हणाले.

मामाचा हात टेबलावर आणि मान दुसरीकडे. माझ्या डोळ्यांपुढे एकशे साठ गणवेश समोरच्या शिंप्याकडे चालले होते.

"अहो," मामी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती थेट त्याच्याशी बोलत होती. मामा दचकला. "एकेचाळीसचं कार्ड माझ्या नावाचं आहे. सही केलीत तर त्यावर खाली 'आणि यजमान' घालायला सांगते."

"'आणि यजमान'? नुसतंच? माझं नाव तरी टाक!"

"टाकलंयच की, तीन आठवडे झाले."

मुख्याध्यापिका रुमालात खोकल्या. मामाने वकिलांकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं. कान खाजवायला हात वर गेला, पण त्याने तो खाली घेतला. "अक्षर मोठं हवं," म्हणाला, आणि सही केली.

उरलेल्या तीन आठवड्यांत मामीने गणवेश पुरे केले. काजं-बटणं मामाने केली, वाकडी, पण केली. शेवटचे अकरा गणवेश शाळा उघडली त्या सकाळी इस्त्री होऊन गेले.

साहेब समाधानाने निवृत्त झाले. पुढे एका हौशी अधिकाऱ्याने एकेचाळीस चालवून पाहायचं ठरवलं आणि अहवालात लिहिलं, 'अतिवापरामुळे जाम'. तो अहवाल मीच फाइलला लावला आणि तोंड मिटून बसले. वकिलांची तलवार नाटक कंपनीची निघाली. तोवर ते हयात नव्हते. त्यांच्या मुलाला 'परत न्या' म्हणून दोनदा पत्र पाठवलं, तो आला नाही. मुख्याध्यापिका बाई त्यानंतर सगळे कपडे मामीकडेच शिवत. सुईचा विषय दोघींनी कधी काढला नाही. मामा एक्क्याऐंशी साली गेला. तोवर दर रविवारी पाहुण्यांना घेऊन तो कार्ड दाखवायला यायचा, आणि 'आणि यजमान'वर बोट ठेवून म्हणायचा, "हा मी." मामी त्र्याऐंशी वर्षांची होईपर्यंत शिवत होती.

मी त्याच संग्रहालयाची प्रमुख होऊन निवृत्त झाले. माझ्या कारकिर्दीत मोठं असं काही केलं नाही. देणगीच्या अर्जात एक रकाना वाढवला: 'ही वस्तू रोज कोण वापरते? त्या व्यक्तीची सही.' एकदा एक गृहस्थ जडशी पितळी इस्त्री घेऊन आले, ऐटीत पेन उघडलं आणि त्या रकान्यापाशी थबकले.

"जरा घरी जाऊन येतो," म्हणाले.

मी निवृत्त होईपर्यंत काही ते आले नाहीत.