मांडीतली कळ

शिरपूरजवळच्या खेड्यातून हिलालने आईला धुळ्याच्या दवाखान्यात आणलं, तोवर दुखण्याचा तिसरा दिवस उजाडला होता. भिकुबाईंचं पोट टम्म फुगलेलं, उलट्या थांबत नव्हत्या. आतडं अडलंय हे एक्स-रेत दिसत होतं. पण कशानं, ते सर्जन डॉ. सुलक्षणांना उमगेना. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण नाही, जांघेत गाठ नाही.

"पोट नंतर देखा बाई," चौऱ्याहत्तर वर्षांच्या भिकुबाई कण्हत म्हणाल्या. "पहिले मनी मांडी देखा. चार महिनापाईन दुखी रायनी."

"संधिवात शे तिले," हिलाल म्हणाला. "तेल लायी लायी थकनूत आम्ही."

सुलक्षणांनी पाय सरळ करून हलकेच आत वळवला. भिकुबाई ओरडल्याच. कळ मांडीच्या आतून थेट गुडघ्यापर्यंत गेली होती. गुडघा पोटाशी घेतल्यावर ती ओसरली.

सुलक्षणा थबकल्या. कॉलेजात सरांनी एकदा सांगितलं होतं: काटकुळी म्हातारी, आतडं अडलेलं आणि मांडीत कळ, तर ओटीपोटाच्या हाडातलं भोक आठवा, मांडीची नस तिथूनच जाते. वीस वर्षांत ते आठवायची वेळच आली नव्हती. त्यांनी लगेच सीटी स्कॅन करायला लावला.

थोड्याच वेळात स्कॅन पाहणाऱ्या डॉ. प्रेमराजांचा फोन आला. "मॅडम, आतड्याचा वेढा त्या भोकातच अडकलाय! मी तर हे फक्त पुस्तकात पाहिलं होतं."

तासाभरात भिकुबाई टेबलावर होत्या. सुलक्षणांनी अडकलेला वेढा हळूहळू मागे ओढला. तो जांभळा पडला होता. त्यावर कोमट ओली कापडं ठेवून सगळे वाट पाहत राहिले. पाच मिनिटं गेली, आठ गेली. मग रंग पालटला. आतडं गुलाबी होऊन वळवळू लागलं.

"कापायची गरज नाही," सुलक्षणा म्हणाल्या, आणि मास्कआड स्वतःशीच हसल्या. भोकावर जाळी शिवून त्यांनी पोट बंद केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिलाल वॉर्डाच्या दारातूनच ओरडला, "म्याडम, मायना वारा सरना!"

वारा सरला, म्हणजे आतडं पुन्हा चालू झालं होतं. अख्खा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरच्या इंदिराबाईंनी तर टाळ्या वाजवल्या.

भिकुबाईंनी पदर तोंडाशी धरला. "जाय, गावमा बी सांगी ये!" मग सुलक्षणांकडे वळून हळूच विचारलं, "आते चहा भेटी का?"

"अर्धा कप."

आठव्या दिवशी व्हीलचेअर नाकारून भिकुबाई आपल्या पायांनी जिना उतरल्या. हिलाल हात धरायला गेला, तर त्यालाच म्हणाल्या, "तू पिशव्या संभाळ."