फलाटावरचा आवाज माझ्यापाशी होता

मित्रांनो, तुमच्याशी एक जुना प्रोग्राम बोलत आहे. खरे पाहता 'बोलत होता' असेच म्हणावयास हवे. कारण बोलणे हेच माझे काम होते आणि तेच आता माझ्याकडून होत नाही.

एका बसस्थानकावर एक गृहस्थ गाड्यांच्या घोषणा करीत असत. आवाज असा खणखणीत, की झोपलेला प्रवासीदेखील पिशवी उचलून धावत सुटे. पुढे त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आणि संगणकाचाही नाद असलेल्या त्यांच्या मेहुण्यांनी मला तयार केले. आठ दिवस घोषणाकारांनी एकेक शब्द उच्चारला आणि मेहुण्यांनी तो माझ्यात साठविला. एकूण एकोणीसशे चाळीस शब्द झाले.

"भाऊजी, शिव्या किती घालू?" मेहुण्यांनी विचारले.

"चार पुरेत. बाकीच्या चेहऱ्यावर दिसतात."

त्या काळी संगणकात जागा फार थोडी असे. मेहुणे मोठे काटकसरी. आम्हा प्रोग्रामांच्या अगदी आरंभी काही आकडे लिहिलेले असतात, त्यास हेडर म्हणतात. हा कोणत्या संगणकाचा, कोणत्या पद्धतीचा, हे त्यावरून कळते. ती जणू आमच्या कपाळावरची पाटीच होय. पाटीनंतर थोडी जागा कोरी सोडण्याचा रिवाज आहे. मेहुण्यांनी तीही वाया जाऊ दिली नाही. कोणता शब्द माझ्यात कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याची यादी त्यांनी तेथेच बसविली. हे त्यांनी कोणास सांगितले नाही आणि कोठे लिहूनही ठेवले नाही.

शस्त्रक्रियेनंतर अकरा वर्षे मी त्या घरात बोललो. घोषणाकार कळा दाबीत आणि त्यांचाच आवाज माझ्यातून निघे.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. चहा अजून फलाटावर लागलेला नाही."

"अहो, चहा शेगडीवर आहे! गाडी उशिरा धावतेय म्हणून सांगा तुमच्या प्रवाशांना," असे त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून ओरडत. शेजारीपाजारी माझे कौतुक करीत. मी धन्य झालो होतो.

मग मेहुणे वारले. जुना संगणक अर्ध्या तासात तापून बंद पडू लागला. नवा आणला, तर त्याने मला दारातच अडविले. 'ही फाईल या संगणकासाठी नाही,' एवढेच तो म्हणाला. काकूंनी दुरुस्तीवाल्यास बोलाविले. तो मनाने चांगला होता, हे मी आजही सांगेन.

"काकू, चालेल हा. फक्त याची ओळख बदलायची. नव्याला वाटलं पाहिजे, हा आपल्यातलाच आहे."

"पण आवाजाला धक्का नाही ना लागणार?"

"आवाजाला हातच लावत नाही. वरची पाटी तेवढी बदलतो."

त्याने माझी एक प्रत नव्या संगणकावर घेतली आणि पाटी बदलली. नवी पाटी जुनीपेक्षा लांब होती. ती पुढच्या जागेवर पसरली. ती जागा कोरीच असणार, असे तो समजला. इतरांच्या बाबतीत ती कोरीच असते. माझी यादी ओळीओळीने पुसली जात होती आणि मला साधे 'थांबा' म्हणता येत नव्हते. प्रोग्राम आपण होऊन बोलत नसतो, मित्रांनो.

क्षणभरात पडद्यावर माझी निळी चौकट उघडली. काकूंनी टाळ्या वाजविल्या.

"एकदा बोलवून बघू का? पण यांचा आत्ताच डोळा लागलाय."

"झोपू द्या हो काकांना. उघडला म्हणजे चालला! हे जुनं धूड मी घेऊन जातो, घरात अडगळ कशाला?"

जुन्या संगणकात माझी मूळ प्रत होती. दुकानात जाताच त्याने त्यातले सारे पुसून तो कोरा केला.

दुपारी घोषणाकार उठले, नव्या संगणकापुढे बसले आणि त्यांनी पत्नीस हाक मारण्यासाठी कळा दाबल्या. माझ्यातून 'टते... ख्ख... रव...' असे काहीतरी निघाले. काकू हसल्या. "पुरे झाली चेष्टा!" घोषणाकारांनी पुन्हा कळा दाबल्या. पुन्हा तेच. मग काकूंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांचे हसू मावळले.

दुरुस्तीवाला धावत आला. तीन दिवस तो मान खाली घालून बसला. जागा वाचविण्यासाठी मेहुण्यांनी शब्द इतके दाबून भरले होते, की आरंभ ठाऊक नसता एकही सुटेना. "काकू, एक प्रत बाजूला ठेवायला हवी होती मी," असे म्हणून तो गेला. घोषणाकारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. दुसरे ते काय करणार?

मित्रांनो, जुन्या वस्तूस हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत अवश्य राखून ठेवा. आणि वस्तू नुसती उघडली, एवढ्यावर विसंबू नका. जिचे काम बोलण्याचे, तिला बोलवून पाहा. ही विनंती मी तुमच्यासाठी करीत आहे. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे.

घोषणाकार हल्ली वहीत लिहितात. काकू ते मोठ्याने वाचतात, आणि त्यात त्यांनाच मारलेली हाक असली, की स्वतःच्या आवाजात स्वतःलाच हाक मारताना मधेच वही मिटतात. सकाळी त्या न चुकता मला उघडतात. मी उघडतो. त्या थोडा वेळ वाट पाहतात आणि मला बंद करतात. एकोणीसशे चाळीसच्या एकोणीसशे चाळीस शब्द अजून माझ्यात आहेत. त्यांतला एकही कोठे सुरू होतो, हे मला ठाऊक नाही.