इब्राला लागलेले फोन

मी तापट आहे असं राकेशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मत आहे. माझं म्हणणं असं की ज्या बाईला सहा महिने एकच गोष्ट दहा माणसांना समजावून सांगावी लागते, ती तापट नसते, तिला तापवलेलं असतं.

गोष्ट तर साधी होती. मस्कतमध्ये कोणाची गाडी रस्त्यात बंद पडली की तो आमच्या कंपनीला फोन करतो आणि आमचा ट्रक जाऊन त्याची सुटका करतो. त्या एका फोनमागे बरीच यंत्रं राबत असतात. फोन घेणारी वेगळी, जवळचा ट्रक शोधणारी वेगळी, गिऱ्हाइकाला निरोप पाठवणारी वेगळी. ही यंत्रं अल् खुवैरच्या ऑफिसात असतात, आणि तिथे काही झालंच तर कारभार ठप्प होऊ नये म्हणून तशीच दुसरी एका राखीव केंद्रात ठेवतात. आमचं राखीव केंद्र अल हैलला होतं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. वादळ आलं की तळघरात पाणी. संकटासाठी राखून ठेवलेली जागा सगळ्यांच्या आधी संकटात सापडायची. म्हणून ते केंद्र आत, डोंगरांपलीकडे इब्राला न्यायचं ठरलं. त्यात अल् खुवैरच्या इमारतीची दुरुस्ती निघाल्यामुळे सगळे फोन तेव्हा अल हैलवरूनच चालत होते. ते बंद न पाडता, चालू असतानाच इब्राला हलवायचे होते.

हे काम माझ्याकडे आलं, कारण आधी ज्या साहेबांनी ते करायला घेतलं त्यांनी अर्ध्यावर सगळं बंद पाडून माघार घेतली होती. आमचे मोठे साहेब नासर यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं. शुक्रवारी सकाळी करायचं, आणि त्यांनी जुम्म्याच्या नमाजाला निघण्याआधी त्यांची खात्री पटली पाहिजे. पटली तर इब्राचं केंद्र कायम आणि ते माझ्या हाती. नाही पटली तर सगळं पुन्हा अल हैलला, काम दुबईच्या एका कंपनीला, आणि मी आयुष्यभर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलत बसणार. हे शेवटचं ते म्हणाले नव्हते, पण मला दिसत होतं.

आता अडचण अशी की शुक्रवारी सकाळी मस्कतचे रस्ते ओस असतात. गाड्याच नाहीत तर बंद कुठून पडणार, आणि फोन कुठून येणार? इब्राला ओझं पेलतं की नाही हे बघायला एकदम भरपूर फोन यायला हवे होते. ऑफिसातले लोक सुट्टीच्या दिवशी उठणार नव्हते. मग मी सासूबाईंना साकडं घातलं.

सासूबाई, द्रौपदीबाई, अंबरनाथहून आमच्याकडे अल हैलला राहायला आल्या त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत मी ऑफिसात नेमकं काय करते हे त्यांनी कधी विचारलं नाही. कोणी विचारलं तर 'कंप्युटर चालू-बंद करते' असं त्या सांगत, आणि ते ऐकून मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवत असे. पण माणसं जोडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. दर शुक्रवारी आमच्याकडे बुद्धवंदनेला बायका जमतात. त्यांच्या ओळखीच्या ओळखीतून निम्म्या मस्कतच्या मराठी घरांचे नंबर सासूबाईंच्या फोनमध्ये जमा झाले होते. ऑफिसात माझ्याबरोबर काम करणारा सिराज रत्नागिरीचा. त्याच्या बायकोने, शकीलाने, तिकडून मस्कतला आलेली घरंही जोडून दिली. अकरा वाजले की सगळ्यांनी आमच्या कंपनीच्या नंबरावर फोन करायचा, एवढंच काम. सासूबाईंनी का म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बायकांना पुढे समजावून सांगायचं होतं ना.

शुक्रवारी आम्ही इब्राच्या नव्या केंद्रात होतो. मी, सिराज, फोन घेणाऱ्या आठ मुली, आणि पाठीमागे हात बांधून उभे नासर साहेब. एकेक सेवा अल हैलवरून काढून इथे चालू करत गेलो. ट्रकांचा नकाशा आला, निरोप आले, कुठे कुरकुर नाही. शेवटी फोन इकडे वळवले. सिराज हळूच बिस्मिल्ला म्हणाला. मला तर तेव्हा गाणं म्हणावंसं वाटत होतं.

अकरा वाजले आणि पडद्यावर फोनांची रांग लागली. पण प्रत्येक फोन यायचा, एक रिंग व्हायची आणि तुटायचा. आला, तुटला. आला, तुटला. मुलींच्या कानापर्यंत एकही पोचेना. सिराज तारा तपासायला धावला, मी अल हैलच्या बाजूने बघितलं, सगळं ठीकठाक. तरी फोन तुटतच होते. नासर साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले की अजून थोडा वेळ बघू, मग यल्ला, चला परत अल हैलला. दुबईच्या कंपनीचे लोक कसे हसतील ते मला ऐकू यायला लागलं.

तेवढ्यात तुटलेल्या फोनांच्या नंबरांत मला सासूबाईंचा नंबर दिसला. दोनदा, लागोपाठ. आमच्या घरात सासूबाईंचा एक मिस्ड कॉल म्हणजे 'पोचले', दोन म्हणजे 'खाली ये, हातात पिशव्या आहेत'. मी सिराजला शकीलाचा नंबर शोधायला सांगितलं. तीनदा होता.

"तीन म्हणजे येताना दही आण," तो म्हणाला, आणि आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

निम्म्या मस्कतने आमच्या नव्या केंद्राला मिस्ड कॉल दिला होता. मी सासूबाईंना फोन लावला. त्या अगदी खुशीत होत्या. लागला ना सगळ्यांचा, म्हणाल्या. त्या पोरींचा वेळ उगाच कशाला खायचा, म्हणून रिंग गेली की कट करा, असं त्यांनीच प्रत्येकीला बजावलं होतं. मला रागवायचं होतं, पण हसूच येत होतं.

"आई, सगळ्यांना पुन्हा फोन करायला सांगा," मी म्हटलं. "आणि बोला त्यांच्याशी. मन भरेपर्यंत बोला."

मी हे नासर साहेबांना समजावत होते तोवर पहिला फोन आला. मग दुसरा, मग आठही मुली गुंतल्या, आणि तरी रांग वाढतच होती. एकीला कोणीतरी आपल्या गाडीची सारी कुंडली सांगत होतं. दुसरीला कोणी विचारत होतं की लग्न झालं का, आणि ती ओमानी मुलगी लाजून उत्तर देत होती. एकही फोन तुटला नाही. एकही बाई फोन ठेवायला तयार नव्हती. अल हैलने इतकं ओझं कधी पाहिलं नव्हतं आणि इब्रा ते मजेत पेलत होतं. रांगेत थांबलेल्यांना घ्यायला मुली उरल्या नाहीत, तेव्हा सिराजने आणि मीही कानाला हेडफोन लावले.

मी इंग्रजीत नमस्कार करून काय मदत हवी ते विचारलं.

"मदद कुछ नहीं चाहिए," पलीकडून आवाज आला. "गाडी एकदम अच्छी है. बात करने को बोला है, तो बात करती हूँ."

सासूबाई होत्या. माझा ऑफिसातला आवाज त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. मी त्यांना बोलू दिलं.

"ये तुम्हारा सब मशीन अल हैल से इब्रा गया ना, वो मेरी बहू ने किया. रचना नाम है. खाना पकते-पकते चूल्हा उठाके दूसरे घर में रखा, समझी क्या? और खाने वाले को पता नहीं चला. मेरेको भी चार बरस पता नहीं था. आज इधर सब बायका लोग को समझाते-समझाते मेरेको समझा."

माझ्या डोळ्यांसमोरचा पडदा धूसर झाला. इतका आनंद मला पगारवाढीनेही कधी झाला नव्हता, हे मी राकेशलाही सांगितलेलं नाही.

"आई, मी रचनाच बोलतेय," मी म्हटलं.

त्या लगेच मराठीत आल्या. "मग मला मघापासून बोलू का दिलंस? कामाच्या वेळी काम करावं." आणि आवाज खाली आणून, "झालं का गं सगळं?"

मी वळून पाहिलं. नासर साहेब टोपी सारखी करून नमाजाला निघाले होते. दारात थांबून त्यांनी भरलेल्या पडद्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"खलास," ते म्हणाले, म्हणजे अरबीत 'झालं, ठरलं'. "इब्रा. युवर इब्रा."

"झालं, आई," मी म्हटलं.

सासूबाईंनी फोन तोंडापासून बाजूला न करताच घरात जमलेल्या बायकांना ते ओरडून सांगितलं, आणि असा गलका उठला की मला हेडफोन कानापासून लांब धरावा लागला. रांगेत अजून अकरा बायका थांबल्या होत्या. मी पुढचा फोन घेतला.