पाव फेरा

शाहूपुरीत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, शमशुद्दीन टर्बोवाला कुठं बसतो. पत्ता सांगायच्या आधी माणूस सांगेल की जरा जपून बोला, म्हातारा तापट आहे. मी तापट आहेच. बत्तीस वर्षं टर्बो खोलतोय आणि त्यातली निम्मी वर्षं लोकांनी स्वतःच्या हातानं वाट लावलेल्या गाड्या निस्तरण्यात गेली. अशा माणसाला राग नाही येणार तर काय हसू येणार?

टर्बो म्हणजे फार मोठं शास्त्र नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जादा हवा कोंबतं. हवा जास्त तर ताकद जास्त. पण कोंबायलाही काही मर्यादा असते, म्हणून एक छोटी झडप दिलेली असते. दाब वाढला की बारीक रबरी नळीतून झडपेला कळतं, ती उघडते आणि जादा धूर बाजूनं निघून जातो. आमच्याकडची पोरं त्या नळीत ठिबकचा कॉक बसवतात. उसाला पाणी सोडायचा, प्लॅस्टिकचा, पंचवीस रुपयांना मिळणारा. मग झडपेपर्यंत दाब नीट पोचतच नाही, ती उशिरा उघडते आणि गाडी वारा प्यायल्यासारखी पळते. आठ दिवस पळते, फार तर महिनाभर. मग ट्रॅक्टरला बांधून माझ्या दारात येते.

त्या सोमवारी सकाळी गडमुडशिंगीहून तशीच एक गाडी आली. ट्रॅक्टरवरून, ड्रायव्हरच्या शेजारून, अण्णासो उतरला तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला. अण्णासो आणि मी शाळेत एका बाकावर बसलेलो. त्याच्या बायकोच्या, मीनावहिनींच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा त्यांना कोल्हापुरात आणून मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. तेवढ्यासाठीच ही जुनी डिझेल गाडी घेतलेली, आणि घेताना मीच पारखून दिलेली. इंजिन लोखंडासारखं आहे, वहिनींना बिनघोर ने, असं मी छातीवर हात मारून सांगितलं होतं.

अण्णासोनं काय झालं ते सांगितलं. गुरुवारी सकाळी सातची पाळी होती. उचगावच्या पुढं गाडीनं शिट्टी मारली, मागून निळापांढरा धूर सुटला आणि गाडी बंद पडली. वहिनी मागच्या सीटवर. रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत नऊ वाजले, मशीन दुसऱ्याला दिलेलं. उद्या बघू म्हणाले. शुक्रवारीही मशीन रिकामं झालं नाही. शनिवारी पहाटे वहिनींच्या छातीत पाणी भरलं आणि त्यांना श्वास घेता येईना. शनिवार-रविवार अतिदक्षता विभागात काढून त्या काल रात्रीच घरी आल्या होत्या. हे सांगताना अण्णासोचा आवाज एकदाही हलला नाही, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

मी बॉनेट उघडलं. टर्बोच्या नळीत निळा ठिबकचा कॉक, दोन्ही बाजूंनी वायरटॅगच्या प्लॅस्टिक पट्टीनं आवळलेला. टर्बोच्या धगीनं प्लॅस्टिक वितळून नळी आतून बंद झालेली. म्हणजे झडपेला दाब कळायचा रस्ताच उरला नव्हता. चाक नको तितकं फिरलं, पाती तुटली, दांडा गेला आणि तेल सगळं इंजिनात. अण्णासोला गाडी चालवता येत नाही. घरात गाडी चालवणारा एकच, त्याचा मुलगा पृथ्वीराज.

माझं डोकं सणकलं. पृथ्वीराज चोवीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात तिसऱ्या, रात्रीच्या पाळीला जाणारा. म्हणजे अडाणी नाही. त्याला फोन करून झोपेतून उठवला आणि असशील तसा ये म्हणालो. तो तासाभरात आला, डोळे लाल. मग मी तोंडाचा पट्टा सोडला. गल्लीतली माणसं गोळा झाली, शेजारचा बॅटरीवाला काम टाकून आला, तरी मी थांबलो नाही. आईचा जीव पंचवीस रुपयांच्या कॉकला टांगलास म्हणालो. हायवेवर कुणाला मागं टाकायचं होतं, कुठल्या पोरीला दाखवायचं होतं, असंही बोललो. शेवटचं बोलायला नको होतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी सवयच आहे.

पृथ्वीराज खाली मान घालून उभा होता. त्याचा मला आणखी राग आला आणि मी अण्णासोकडं वळलो. म्हणालो, लाडानं वाढवलंस त्याची ही फळं. अण्णासोनं पोराच्या थोबाडीत दिली. त्या माणसाला मी पन्नास वर्षांत कुणावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. वर त्यानं सांगितलं की आजपासून तुझं तोंड घरात दिसता कामा नये, कारखान्याच्या आसपास खोली बघ. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. दोषी सापडला, शिक्षा झाली, माझा राग सार्थकी लागला असं वाटलं. मग अण्णासो कोपऱ्यावर चहाला गेला.

आता मी पृथ्वीराजला विचारलं की हे कुठं शिकलास. तो फडक्यानं बॉनेट पुसायला लागला. परत विचारलं. तो म्हणाला, जाऊ द्या ना काका, चूक माझीच हाय.

माझी मुलगी कशिश काउंटरला बसते. गिऱ्हाइकं, फोन, बिलं सगळं तीच बघते, आणि माझे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकते तेही तीच. ती उठली, माझ्यापुढं मोबाइल धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "अब्बा, त्यो तुमचाच व्हिडिओ बघून केलंय त्यानं. मगाशी मी बॉनेटमधी बघितलं तवाच मला कळलं. कॉक कसा आवळलाय बघा, तुम्ही दाखवलंय तस्साच."

एप्रिलमधला व्हिडिओ. अशाच एका बिघडवलेल्या गाडीसमोर उभा राहून मी पोरांना शिव्या घालतोय. शिव्या घालता घालता सगळं दाखवतोयही. हे बिनडोक नळी इथं कापतात, बघा. कॉक असा बसवतात, त्याच्यावरचा तीर टर्बोकडं. वायरटॅग असा आवळतात. आणि मग माझं ते वाक्य, मोठ्या रुबाबात बोट वर करून म्हटलेलं: कॉक पाव फेऱ्यापर्यंत फिरवला तर काय होत न्हाय, पण ह्या गाढवांचा हात पाव फेऱ्यावर थांबतोय होय?

मला ते वाक्य चांगलं आठवत होतं. ते खोटंही होतं. पाव फेऱ्यानंही होतं, प्लॅस्टिक तिथं टिकतच नाही. पण बोलण्याच्या भरात बोलून गेलो, कारण उस्तादाला सगळं माहीत असतं हे दाखवायचं होतं. चार लाख लोकांनी तो बघितला. कशिश तेव्हाच म्हणाली होती, मधला भाग कापूया, लोक शिव्या सोडून देतील आणि कृती तेवढी घेतील. मी तिला गप्प केलं. मधला भाग कापला तर बघणार कोण, असं म्हणालो होतो. खाली लोकांनी लिहिलेलं ती मला वाचून दाखवायची. उस्ताद, पाव फेरा केला, गाडी मस्त पळतीय. मी हसायचो. चिडायचं सोडून हसायचो, मिशीवर हात फिरवून.

मी पृथ्वीराजला विचारलं, पण तुला गरज काय होती रे. तेव्हा तो बोलला. तिसरी पाळी साडेसहाला सुटते. आईची मशीनवरची पाळी सात वाजता. अर्ध्या तासात घरी जाऊन तिला घ्यायचं आणि दवाखाना गाठायचा. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की एकेका ट्रॉलीमागं दहा मिनिटं जातात, आणि जुन्या गाडीला ओव्हरटेकला जोर नाही. कारखान्यात पाळी बदलून मागितली, मिळाली नाही.

"दुसऱ्या कुणा गॅरेजवाल्याचं असतं तर केलं नसतं मी," तो म्हणाला. "तुम्ही पाव फेरा म्हणाला म्हणून पाव फेराच केला. पट्टी लावून खूण केलती. वडलांस्नी सांगू नका. त्यांचा तुमच्यावर लई जीव हाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी भर बाजारात दिली होती, आणि चोर मीच होतो. एवढा वेळ ज्या रागानं मी पेटलो होतो त्याला आता जायला जागाच राहिली नाही. शिव्या कुणाला घालायच्या? पोरगा तर मला वाचवायला बापाची थोबाडीत खाऊन उभा होता. मला त्याचाही राग आला, इतका चांगला का आहेस म्हणून.

अण्णासो चहा घेऊन परतला. माझ्यासाठीही आणला होता. पेला माझ्या हातात देत म्हणाला, "शमशू, तूच इचार ह्याला, कुठल्या गाढवानं शिकवलं. त्याच्याबी दारात जाऊन येऊ."

पृथ्वीराजनं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. कशिश माझी मुलगी आहे, तीही बोलली नसती. पोरगा मात्र कारखान्याजवळ खोली घेऊन राहिला असता आणि वहिनींना मशीनवर नेणारं कुणी उरलं नसतं.

"दुसऱ्या दारात जायला नको," मी म्हणालो. "ते गाढव मीच हाय."

त्याला आधी चेष्टा वाटली. मी कशिशला व्हिडिओ लावायला सांगितला. अण्णासोचा फोन साधा, त्यानं माझा एकही व्हिडिओ कधी पाहिला नव्हता. त्यानं चष्मा लावला आणि शेवटपर्यंत पाहिला, माझ्या शिव्या, माझं बोट, माझा पाव फेरा. गल्लीतली माणसं अजून होती. त्यांनीही ऐकलं. बॅटरीवाला खाली बघत आपल्या दुकानात गेला.

अण्णासोनं चष्मा खिशात घातला. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं पोराच्या गालाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गाडी कवा मिळंल?"

बुधवारी संध्याकाळी, मी सांगितलं. उद्याची पाळी रिक्षानं करा, मी सांगून ठेवतो रिक्षावाल्याला.

"रिक्षाचं आमी बघतो. गाडी झाली की पृथ्वीला फोन कर. मला करू नगंस," तो म्हणाला, आणि पोराला हाताला धरून ट्रॅक्टरवर चढवलं.

कशिशनं व्हिडिओ तिथल्या तिथं काढून टाकला. मग तिनं मला दाखवलं की तो आणखी अकरा ठिकाणी आहे, लोकांनी आपापल्या नावानं टाकलाय. एकानं तर माझ्या शिव्या कापून फक्त कृती ठेवली होती. त्याला साडेसहा लाख. मी त्या सगळ्यांना फोन लावायला सांगितले आणि एकेकाला असं काही बोललो की कशिश बाहेर जाऊन उभी राहिली. दोघांनी काढला. बाकीचे हसले.

बुधवारी गाडी पृथ्वीराज घेऊन गेला. नवा टर्बो बसवलेला, नळी कंपनीची. तो काका म्हणाला, मी हो म्हणालो, तेवढंच बोलणं झालं.

गुरुवारी सकाळी सात वाजायला पाच मिनिटं असताना मी शटर वर करत होतो तेव्हा गाडी दारात येऊन थांबली. मागची काच खाली झाली. मीनावहिनी होत्या, चेहरा सुजलेला, डोक्यावर पदर. पुढं बसलेला अण्णासो समोरच बघत राहिला. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते तीन दिवस जुळवत होतो, पण तोंड उघडायच्या आधीच त्यांनी हात वर केला.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "शनवारी मला श्वास घ्यायला येत न्हवता. तुमाला शिव्या घालायलाबी दम न्हवता. आता दम हाय, पण टाईम न्हाय. साडेअकराला सुटते, मग येते. कुठं जाऊ नका."

काच वर गेली आणि गाडी निघाली.

त्या दिवशी इचलकरंजीला एकाची गाडी बघायला जायचं होतं, त्याला येत नाही म्हणून कळवलं. कशिश घरी जाऊन जेवून या म्हणाली, तेही केलं नाही. काउंटरपुढची एक खुर्ची पुसली, वहिनींना पायरी चढायला त्रास होतो म्हणून ती बाहेर सावलीत ठेवली, आणि साडेअकरा वाजायची वाट बघत शेजारी उभा राहिलो.