बेलार्मिनोची पट्टी-करवत

माझे सासरे बेलार्मिनो चिग्वाय यांनी आयुष्यभर आमच्या बेटावर, दालकावे गावाच्या किनाऱ्यावर होड्या बांधल्या. लाकूड तासायचा वाकस, करवत, रंधा आणि पटाशी, बस. गावात ज्यांनी यंत्रं घेतली त्यांना ते ‘बटणसुतार’ म्हणायचे. लहानथोर सगळे त्यांना माएस्त्रो म्हणतात, म्हणजे उस्ताद. मी जावई, पण मीही तेच म्हणतो.

त्यांचे हात थरथरायला लागले ते आधी जेवणाच्या टेबलावर दिसलं. चमच्यातलं सूप तोंडाशी पोचेपर्यंत निम्मं सदऱ्यावर. सासूबाई ओतिलिया वाडग्याऐवजी मोठा कप द्यायला लागल्या. मग एक दिवस होडीच्या फळीवर वाकस भलतीकडे बसला आणि सिप्रेस लाकडाची अखंड फळी चिरली. माएस्त्रोंनी ती फळी बराच वेळ न्याहाळली, हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि घरी येऊन चुलीजवळ बसले. कास्त्रो शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला धोका नाही. हात रिकामा असला की शांत राहील, कामाला लावला की थरथरेल. गोळ्यांनी थोडं कमी होईल, जाणार मात्र नाही.

“म्हणजे काम सोडलं की मी बरा,” माएस्त्रो म्हणाले. “छान औषध आहे.”

तो सबंध हिवाळा ते चुलीपासून हलले नाहीत. सरपण ओलं आहे, मिल्काओत, म्हणजे बटाट्याच्या भाकरीत, चरबी कमी पडली, मांजर आळशी झालंय. दिवसभर हेच. शेवटी सासूबाई मला म्हणाल्या, “इस्माएल, ह्या माणसाला बाहेर काढ, नाहीतर मी त्याला मांजरासकट समुद्रात ढकलते.”

मी सामन माशांच्या तळ्यांवर पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. सुतारकामात माझी गती यथातथाच. एका रविवारी घरामागच्या सरपणाच्या खोपीत मी मित्राकडून आणलेल्या छोट्या करवत-यंत्रावर फडताळासाठी फळ्या कापत होतो. फळी लांब होती, म्हणून दुसरं टोक धरायला माएस्त्रोंना हाक मारली. ते कुरकुरत आले. फळी हातात घेताच हात थरथरू लागले. पण त्यांनी फळी यंत्राच्या आडपट्टीला टेकवून दाबली, आणि फळी हलेना. त्यांनी हात उचलला, थरथर. पुन्हा दाबला, गप्प.

“बघितलंस?” ते हळूच म्हणाले. “ह्याला टेकायला काहीतरी लागतं. मग मुकाट्यानं वागतो.”

त्यांनी माझ्या सगळ्या फळ्या कापून टाकल्या. मग माझ्या मोजमापांची यथेच्छ टिंगल केली. कितीतरी महिन्यांनी मी ती ऐकत होतो, आणि मला ती गोड लागली.

त्या रविवारनंतर माएस्त्रोंनी स्वतःच यंत्रं घ्यायची म्हटल्यावर माझी बायको रोसाल्बा भडकली. “बाबा, ज्यांचे हात धड आहेत त्यांचीसुद्धा बोटं जातात! आणि तुम्ही?”

“बोटं माझी आहेत ना?”

“बोटं तुमची, पण दवाखान्यात फरशी पुसायला मी!”

तरी यंत्रं बघायला पुएर्तो मोंत शहरात जायच्या दिवशी ती फेरीबोटीवर आमच्यासोबत होती. मला म्हणाली, मी त्यांना अडवायला येतेय.

दुकानातल्या विक्रेत्यानं लगेच एक चकचकीत यंत्र पुढे केलं. कापणारं, रंधणारं, भोकं पाडणारं, सगळं एकातच. “जागा लहान असेल तर हेच घ्या, माएस्त्रो. पाच यंत्रांचं काम करतं.”

माएस्त्रोंनी त्याला प्रदक्षिणा घातली. “कापून झालं आणि रंधायचं असेल तर?”

“हे दोन बोल्ट सोडवायचे, हा भाग वर उचलायचा, तो फिरवायचा…”

“आणि परत कापायचं असेल तर सगळं उलटं. एकच माणूस पाव भाजतो, हजामतही करतो आणि प्रार्थनाही सांगतो म्हटलं, की पावात केस निघणारच. पुढचं दाखवा.”

विक्रेता हसला. टेबलाच्या मधून गोल पातं वर आलेलं कटर त्यानं दाखवलं. छोट्या वर्कशॉपवाले हेच आधी नेतात म्हणाला. माएस्त्रोंनी मान हलवली. “हे झपाट्यानं आणि सरळ कापतं, कबूल. पण लाकूड अडकलं की ते तुमच्याच पोटावर भिरकावतं. आणि माझ्या होडीत सरळ आहे तरी काय?”

मग ते पट्टी-करवतींपाशी थांबले. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. पट्टी वरून खाली धावते, त्यामुळे लाकूड टेबलावरच दाबलं जातं, मागे उडत नाही. शिवाय वळणं कापता येतात. माएस्त्रोंनी खिशातून पेसोचं नाणं काढलं आणि टेबलावर कडेवर उभं करू लागले. नाणं पडलं. पुन्हा पडलं. विक्रेता दुसरीकडे बघू लागला. रोसाल्बा पुढे झाली, बापाच्या बोटांतून नाणं काढून घेतलं आणि नीट उभं केलं.

“आता चालू करा,” ती म्हणाली.

यंत्र घुरघुरलं आणि नाणं आडवं झालं. शेजारच्यावरही तेच. मग माएस्त्रोंचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे कुणीतरी नव्या यंत्राच्या बदल्यात देऊन गेलेली एक जुनी पट्टी-करवत उभी होती. बिडाची, जड, रंग उडालेली. रोसाल्बानं तिच्यावर नाणं उभं केलं. यंत्र चालू झालं, चाकं पूर्ण वेगाला आली, आणि नाणं आपलं उभंच.

माएस्त्रो म्हणाले, “थरथरायचं काम माझं. यंत्र थरथरणारं नको.”

रोसाल्बा खळखळून हसली, आणि तिची अडवणूक तिथेच संपली. पट्टी-करवतीबरोबर आम्ही एक रंधा मशीन घेतलं. एका बाजूनं फळी घातली की त्याचे रूळ ती आत ओढतात आणि सारख्या जाडीची करून दुसऱ्या बाजूनं सोडतात. हात पात्याच्या जवळ जातच नाही. तिसरं घेतलं ते उभं ड्रिल. विक्रेता आणखी बरंच दाखवत होता, पण माएस्त्रो म्हणाले, “खोपीत मलाही उभं राहायचंय.”

पट्टी-करवत खोपीच्या दारातून आत जाईना. आम्ही दार काढलं, मग चौकटही काढली. सासूबाई म्हणाल्या, “आता घर काढा.”

पुढचे काही आठवडे माएस्त्रोंनी होडीच्या लाकडाला हात लावला नाही. आधी त्यांनी हातांसाठी सामान केलं. फळी पुढे ढकलायला मुठीचे ठोकळे, ती आडपट्टीला चिकटून राहावी म्हणून लाकडी दातांच्या फण्या. टेबलावर पात्याभोवती त्यांनी लाल रंगाचा पट्टा ओढला. ठोकळा त्या पट्ट्यात जाईल, बोट जाणार नाही. बंद करायचं बटण इवलंसं होतं, थरथरत्या बोटाला ते सापडायचं नाही. म्हणून मी गुडघ्याच्या उंचीवर बशीएवढं बटण बसवलं. नुसता गुडघा लागला की यंत्र बंद. वीजही घरातून वेगळी ओढली. एक जुना पंखा आणि नळी जोडून भुसा बाहेर पिंपात जाईल असं केलं, कारण पहिल्याच दिवशी सासूबाईंच्या वाळत घातलेल्या चादरी भुशानं पिवळ्या झाल्या होत्या.

एदमुंदो रेमोलकोय नावाच्या शेजारच्या कोळ्याला लहान होडी हवी होती. तो ते काम माएस्त्रोंना द्यायला घाबरत होता आणि न द्यायला लाजत होता. शेवटी लाज जिंकली.

माझ्या सासऱ्यांबद्दल मला आधीही आदर होता, पण त्या होडीच्या वेळी मी त्यांना खरं ओळखलं. चाळीसेक वर्षं ते फळी होडीला लावून बघायचे, डोळ्यानं जोखायचे आणि वाकसानं उतरवायचे. आता ती सगळी रीत त्यांनी मोडली आणि नव्यानं बसवली. रेघ मारता येत नाही? मग खिळ्यांमध्ये लवचीक पट्टी वाकवायची आणि पेन्सिल तिला टेकवून ओढायची. रेघ अशी निघायची की जणू पाण्यानंच आखली. प्रत्येक फासळीचा आधी पातळ लाकडाचा नमुना कापायचा, तो बरोबर बसला की मगच खरं लाकूड. सत्तरीच्या माणसानं, ज्याचं नाव आसपासच्या बेटांवर घेतात त्यानं, शिकाऊ पोरासारखं पहिल्या धड्यापासून सुरुवात केली होती. आणि त्याबद्दल त्यांना जराही कमीपणा वाटत नव्हता.

एकदा मात्र आमचा जीव उडाला. उल्मोच्या टणक लाकडाची जाड फासळी कापताना पट्टी फट्‌कन तुटली. बंदुकीसारखा आवाज झाला. रोसाल्बा स्वयंपाकघरातून टॉवेल घेऊनच धावली. माएस्त्रोंचा गुडघा केव्हाच बटणावर गेला होता. यंत्र थांबत होतं, दोन्ही हात ठोकळ्यांवर, लाल पट्ट्याच्या बाहेर.

“बाबा! तुमचा हात बघा कसा कापतोय!”

“तो आधीपासूनच कापतोय, पोरी,” ते म्हणाले. “टॉवेल कशाला आणलास?”

त्यांनी मला तुटलेली पट्टी दाखवली. दात बोथट झाले होते, आणि एवढ्या जाड लाकडाला याहून रुंद पट्टी हवी होती. “चूक माझी. ती आधीपासून किंचाळत होती, मी ऐकलं नाही.” त्यानंतर मी पाहिलं, काम करताना ते बघायचे कमी आणि ऐकायचे जास्त.

फळ्या वाफेवर मऊ करून फासळ्यांवर बसवायला आम्ही सगळेच होतो. खिळे मी ठोकले, पाणी शिरू नये म्हणून फटींत दोर रोसाल्बानं भरला, वाफेची चूल सासूबाईंनी सांभाळली आणि ओरडण्याचं काम माएस्त्रोंनी केलं. पण फटी एवढ्या बारीक होत्या, की रोसाल्बाचा निम्मा दोर उरला.

भरतीच्या वेळी होडी पाण्यात सोडली. एदमुंदो आत चढला, गुडघ्यावर बसला आणि तळावर हात फिरवत राहिला. मग तळवा वर करून आम्हाला दाखवला. कोरडा.

“माएस्त्रो,” तो किनाऱ्याकडे बघून ओरडला, “माझ्या आधीच्या होडीपेक्षा ही चांगली आहे!”

“तीही मीच बांधली होती, गाढवा,” माएस्त्रो ओरडले. पण खूप दिवसांनी ते ताठ उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोपीत गेलो तर रोसाल्बा तिथे आधीच होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, समोर मान्यीओ लाकडाची एक फळी.

“मला शिकवा,” ती बापाला म्हणत होती.

“अंगठी काढ,” माएस्त्रो म्हणाले. “फिरत्या यंत्राला कुणाचं लग्न कळत नाही.”

तिनं अंगठी काढली आणि मागे न बघताच माझ्या हातात दिली. मी ती मुठीत धरून दाराशी उभा राहिलो. माएस्त्रोंनी तिच्या हातांखाली ठोकळे ठेवले, तिचा गुडघा बटणापाशी आणला आणि म्हणाले, “घाई नको. आधी नुसतं ऐक.”