पान कोरडं करून आणा

माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात वाळलेल्या पाण्याचा एक डाग आहे. मोहरीच्या दाण्याहून लहान; कडेला पांढुरका, मधे स्वच्छ. मित्रांनो, असल्याच थेंबांनी मला खोटारडा ठरवलं. म्हणून आधी डाग दाखवला, आता ओळख सांगतो.

मी रोपवाटिकेतला एक जुना दिवा आहे, पानं तपासणारा. माझा उजेड तुम्हाला दिसत नाही. तांबड्या रंगापाशी तुमची नजर थांबते आणि त्याच्या अगदी शेजारी माझा अवरक्त प्रकाश सुरू होतो. तो मी पानावर टाकतो आणि परत किती आला ते मोजतो. पानात विषाणू शिरला की आतली मांडणी विस्कटते आणि परत येणारा उजेडही बदलतो. विषाणू मला दिसत नाही, हे मी पहिल्यापासून सांगत आलो आहे. चोर दिसत नाही. त्याने घरात केलेली उचकापाचक दिसते. तीही पान पिवळं पडण्याच्या कितीतरी आधी.

मला जोडलं माईंच्या मुलीने, तिच्या प्रयोगशाळेत. माई म्हणजे या रोपवाटिकेच्या मालकीण. मुलीने मला निरोगी आणि रोगी पानं दाखवून दाखवून फरक शिकवला आणि सुटीत घरी आणलं.

इथे संत्र्याची कलमं होतात. फाटकाजवळच्या जुन्या झाडाच्या फांदीवर बारीक फुगीर गाठी असतात. त्यांना डोळे म्हणतात. एक डोळा चाकूने अलगद काढायचा आणि लहान रोपाच्या सालीत बसवायचा. या कामाला म्हणतात डोळा भरणं. ते झाड माईंच्या सासूबाईंनी लावलेलं. इथलं प्रत्येक कलम त्याच्याच डोळ्याचं.

आल्या दिवशी मुलीने त्याच झाडाचं पान माझ्यासमोर धरलं. मी म्हणालो, ‘बाधित.’

कलमं करणारे चाकूकाका म्हणाले, “हा दिवा आहे की चुगलखोर? आज घरात आला आणि घरच्या म्हातारीवर बोट दाखवतोय.”

सगळे हसले. माई हसल्या नाहीत. “बघू,” म्हणाल्या.

चुगलखोर हे नाव मला चिकटलं. चिकटू दे. जे आहे ते सांगणं ही चुगली असेल, तर मी चुगलखोर आहे.

सुटी संपली, मुलगी गेली आणि माझी परीक्षा सुरू झाली. काका मनापासून करायचे. पान तोडायचे, नळाखाली स्वच्छ धुवायचे आणि चमकतं पान माझ्या काचेवर टेकवायचे. मित्रांनो, पाणी माझा उजेड पिऊन टाकतं. ओलं पान माझ्यासमोर आलं की आतलं काही मला दिसेना. धडधाकट रोपाला मी बाधित म्हणालो, त्या जुन्या झाडाला निरोगी. दुसऱ्या दिवशी उलट. काचेपाशी जे आलं ते मी मोजलं, याउपर माझा गुन्हा दाखवा.

“दोन तोंडांचा आहे,” काका म्हणाले. माझी रवानगी फळीवर झाली, सुतळीचा गुंडा आणि फुटका फवारा यांच्यामध्ये. मी मान खाली घातली नाही. मला मानच नाही.

वर्षं गेली. एक दिवस शाळेच्या मोठ्या बाई वाळकी फांदी घेऊन आल्या. “माई, पोरांनी पाणी घातलं, आळं केलं, गुरं येऊ दिली नाहीत. तरी तुमच्याकडून नेलेली झाडं उभ्या उभ्या वाळली. पोरं विचारतात, आमचं काय चुकलं?”

माईंनी मुलीला बोलावून घेतलं. तिने मला फळीवरून काढलं, धूळ पुसली आणि काकांना म्हणाली, “तुम्ही कसं तपासायचात, दाखवा.”

काका पान घेऊन नळाकडे निघाले.

“काका, पान धुताय का?”

“मग? पारोशा तोंडाने फोटोला बसवू?”

मुलीने नळ बंद केला. प्रयोगशाळेत पानं कोरडीच यायची. कोरडं पान आणा, हे सांगायचं असतं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

त्या दिवशी कोरडी पानं आली. विहिरीजवळ संत्र्याचं एक झाड आहे, कलमाचं नाही, बी पडून आपोआप वाढलेलं; त्याला मी निरोगी म्हणालो. फाटकाजवळच्या झाडाची एकेक फांदी माझ्यासमोरून गेली: बाधित, बाधित, बाधित. मुलीने पानं दुसऱ्या प्रयोगशाळेत वेगळ्या पद्धतीनेही तपासून घेतली. उत्तर तेच आलं.

तरी माई म्हणाल्या, “बघू.” झाड हिरवंगार होतं, फळांनी वाकलं होतं. रोग त्याने स्वतः पचवला होता आणि डोळ्यांतून लेकरांना दिला होता. सासूबाईंच्या झाडाला रोगी कोणती सून म्हणेल?

मित्रांनो, माझी काच कोरड्या फडक्याने पुसा, मला ओलीपासून जपा. पण मला गोड बोलायला शिकवू नका. ते मला जमणार नाही.

काल मोठ्या बाई परत आल्या. शाळेला नवी रोपं हवी होती. काका सवयीने चाकू घेऊन फाटकाजवळच्या झाडाखाली उभे राहिले. “माई, डोळे काढू ना?”

माई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता ‘बघू’ म्हणतील. त्यांनी पदराने माझी काच पुसली. मग झाडापाशी गेल्या आणि त्याच्या खोडावर हात ठेवला.

“विहिरीजवळच्या झाडाचे काढा,” त्या म्हणाल्या. “आणि उद्या कुऱ्हाड आणा. या झाडाचा एकही डोळा आता भरायचा नाही.”