नव्वद मिनिटांची तिकिटं

आमच्या इंडियाना राज्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. पाहुण्याला निघायचं असलं की तो दोन्ही मांड्यांवर थाप मारतो आणि म्हणतो, "चला मग." समोरच्याने काय ते समजायचं आणि उठायचं. माझा नवरा ब्रेंट याच रीतीत वाढला. शाळांचे एसी दुरुस्त करतो, आजवर कुणाशी भांडण नाही. भीड भिकेची बहीण, हे मी त्याला लग्नाआधीपासून ऐकवत आले आहे.

माझे वडील ओतकामाच्या कारखान्यात होते. त्यांच्या एकट्याच्या पगारात त्यांनी आम्हा भावंडांना तीनदा फ्लोरिडाच्या थीम पार्कला नेलं. आम्ही दोघं कमावतो आणि पाच वर्षं नुसतं 'पुढच्या वर्षी' म्हणत होतो. चौघांची तिकिटं म्हणजे घराचा महिन्याचा हप्ता. आमची टेस नऊ वर्षांची झाली आणि तिने विचारणंच सोडून दिलं. ते मला फार लागलं.

मग ब्रेंटने युक्ती शोधली. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत एका रिसॉर्टवाल्यांचं विक्रीचं बोलणं नव्वद मिनिटं ऐकायचं, की पार्कची चार तिकिटं मोफत. अट एवढीच, नवरा-बायको दोघांनी शेवटपर्यंत बसायचं.

"फुकट ते पौष्टिक," ब्रेंट म्हणाला. "ऐकायचं आणि उठायचं."

"तू उठणार? तू तर चुकून आलेल्या फोनवाल्याचीही तब्येत विचारतोस."

पंधरा तास गाडी हाकून आम्ही पोचलो. शनिवारी सकाळी नऊ वाजता त्या थंडगार हॉलमध्ये बसलो. टेस आणि पाच वर्षांचा एमॉस शेजारच्या काचेच्या खोलीत कार्टून बघत होते. दोघांच्या अंगात माझ्या नणंदेने छापून दिलेले पिवळे टीशर्ट होते, त्यांवर 'आमची पहिली सहल'. तिकिटं फक्त त्याच दिवसाची होती. रविवारी परत निघायचं होतं, सोमवारी कामावर.

ट्रिश नावाची बाई आमच्या टेबलावर आली. गोड होती. मुलांची नावं विचारली, माझ्या वडिलांच्या सहलींबद्दल विचारलं, आणि मी मूर्खासारखं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे वडिलांनी दिलं ते तुम्हालाही द्यायचंय," ती म्हणाली. "दरवर्षी एक आठवडा, आमच्या रिसॉर्टमध्ये हक्काचं घर. महिन्याला थोडे थोडे भरायचे."

साडेदहाला ब्रेंटने मांड्यांवर थाप मारली. "चला मग."

"थांबा, कॉफी आणते," ट्रिश म्हणाली.

ती मियामीची. तिला त्या थापेचा अर्थ ठाऊक नव्हता. की होता, देव जाणे. अकराला ब्रेंटने पुन्हा थाप मारली, तेव्हा ती साहेबाला घेऊन आली. साहेबाने किंमत उतरवली. बाराला तिसरी थाप. साहेबाने त्याच्याही साहेबाला बोलावलं.

"बोल ना सरळ," मी टेबलाखालून ब्रेंटला पाय मारला.

"अगं, एवढी राबतेय बिचारी," तो कुजबुजला. "तूच सांग की."

मी तोंड उघडलं. "आम्ही जरा घरी जाऊन विचार करतो," एवढंच निघालं. ब्रेंटला नावं ठेवणारी मीही शेवटी इंडियानाचीच.

"विचार इथेच करू या ना," ट्रिश म्हणाली. "तिकिटं काय, बोलणं संपलं की लगेच देते."

बोलणं संपवणं तिच्या हातात होतं. एक वाजला. पार्क सकाळपासून चालू होतं. टेस काचेच्या खोलीतून बाहेर आली.

"बाबा, झालं का? एमॉस झोपला."

ट्रिश तिच्यापुढे वाकली. "बाबा ठरवतायत बाळा. आज एकदाच यायचं, की दरवर्षी."

टेसने ब्रेंटकडे पाहिलं. हट्ट नाही, काही नाही. उलट म्हणाली, "एकदाच चालेल, बाबा."

ती रडली असती तर आम्ही वाचलो असतो. ब्रेंटचा हात मांडीकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला आणि पेनाकडे गेला.

"दरवर्षी, बाळा," तो म्हणाला. टेसने त्याच्या गळ्याला मिठी मारली.

मग कागद माझ्याकडे सरकला. दुसरी सही माझी हवी होती. चार वर्षांपूर्वी घेतलेल्या गाडीचे हप्ते, एमॉसच्या दातांचा खर्च, छपराची गळती, सगळं मला त्या कागदावर दिसत होतं. टेसचे हात अजून बापाच्या गळ्यात होते. माझ्याने 'नाही' म्हणवलं नाही. मी सही केली.

ट्रिशने चार तिकिटं मोजून टेबलावर ठेवली. ब्रेंटने सवयीने मांड्यांवर थाप मारली. "चला मग."

या वेळी ती लगेच उठली.